वर की खाली?

माझ्या जिन्यावर आजवर बरीच माणसं प्रेमात पडली, आणि एक डुक्कर. डुकराचं पुढे भलं झालं, म्हणून गोष्ट माणसांची सांगते.

त्या ऑक्टोबरात स्पेनमधल्या आमच्या सांतियागोत असा पाऊस लागला होता की कॅथेड्रलवरचे दगडी संत शिंकायला लागले. खोटं नाही, मी स्वतः ऐकलंय. गोगलगाई जिना चढून तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या आणि भाडं न देता महिनाभर राहिल्या. बाकीच्या खोल्या मी विद्यार्थ्यांना द्यायचे. तेव्हा फोन खिशात मावत नसत. आख्ख्या इमारतीत एकच फोन, माझ्या दाराबाहेर, जिन्याच्या पायथ्याशी भिंतीवर. त्यामुळे सगळ्यांचं सगळं बोलणं माझ्या कानांदेखत. मी कान देत नाही हो... बोलणंच चालत माझ्याकडे येतं.

तर अशा पावसात वेन्ला आली. फिनलंडची पोर, आमच्या विद्यापीठात अर्धं वर्ष शिकायला. केस भिजून गालांना चिकटलेले, हातात कपाटाएवढी बॅग. आणि जिन्याच्या बरोबर मधोमध आन्शो उभा! दुसऱ्या मजल्यावर राहायचा, इतिहास शिकायचा. किनाऱ्यावरच्या गावातल्या मासेमाराचा मुलगा. डोळे असे की बघितलं तर बाई पायरी चुकेल. ती चुकलीच.

"तू वर चाललायस की खाली?" तोल सावरत तिनं विचारलं.

"का? तुला कुठे जायचंय?"

"मी आधी विचारलं."

"बॅग जड आहे का?"

"तुला दिसत नाही?"

"अरे वा!" आन्शो हसला. "आल्या आल्या आमच्यासारखं बोलायला लागलीस की!"

ती हसली नाही. "आमच्याकडे विचारलं की उत्तर देतात."

"आणि उत्तर नसलं तर?"

"तर गप्प बसतात."

तो गप्प बसला. बॅग उचलून तिच्या मागोमाग तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. तो मुळात वर चालला होता की खाली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आम्ही गालिसियाची माणसं अशीच. 'हो' म्हणणार नाही, 'नाही'ही म्हणणार नाही. प्रश्न आला की प्रश्नच परत करायचा, आणि ज्याला समजायचं त्याला त्यातच समजतं. वेन्ला मात्र एक गोष्ट एकदाच विचारायची, आणि मग थांबायची. अशा दोघांना देवानं एकाच जिन्यावर आणून ठेवावं? देवाला दुसरं काम नव्हतं बहुतेक. पाऊस होता ना, बाहेर जाता येत नसेल.

दर शनिवारी पोरं आपापल्या गावी जायची आणि रविवारी आईच्या हातचे डबे घेऊन परतायची. नोव्हेंबरपासून आन्शोच्या हातात दोन डबे दिसायला लागले. दुसरा तो वेन्लाच्या दाराशी ठेवायचा आणि चोरासारखा खाली पळायचा.

"दोन्या दोरिंदा," सगळे मला मानानं हाक मारतात तशी हाक मारत ती एकदा डबा घेऊन माझ्याकडे आली, "ह्याचा अर्थ काय?"

"काय आहे आत?"

"बटाटे, पालेभाजी... आणि डुकराचा कान."

"मग? पोराच्या आईनं आपल्या घरचा कान तुला पाठवला. आणखी काय करायला हवं तिनं?"

"मला डब्याचं कळत नाही," ती हळूच म्हणाली. "मला शब्द कळतो."

मग चेस्टनट भाजायचा सण आला. मागच्या अंगणात शेकोटी पेटली, पावसानंही तेवढ्यापुरता दम घेतला. त्या दिवशी आमच्याकडे एकमेकांच्या तोंडाला काजळी फासायची रीत आहे. आन्शो काळीकुट्ट बोटं पाठीमागे लपवून तिच्यासमोर उभा.

"तुझ्या गालाला काय लागलंय?"

"काही नाही."

"आणि... आता?"

त्याचं बोट तिच्या गालावरून हनुवटीपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. शेकोटी तडतडली. वेन्लानं राखेत बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. अगदी सरळ, तिच्या बोलण्यासारखी. आपल्या गालावरची काजळी तिनं दोन दिवस धुतली नाही. मला कसं ठाऊक? उशीचे अभ्रे कोण धुतं?

डिसेंबर आला. नाताळला तिला परतायचं होतं. पण तिच्या विद्यापीठाला शुक्रवारपर्यंत फोन करून कळवलं, तर जूनपर्यंत राहता येणार होतं. शुक्रवारी दुपारी ती फोनपाशी येऊन उभी राहिली. आन्शो बाहेरून आला. मी दारात बटाटे सोलत होते. सुरी आपोआप थांबली.

"आन्शो, मी थांबू का?"

त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता... आता...

"तुला काय वाटतं?"

"मी तुला विचारतेय."

"तिकडे आई वाट बघत असेल ना तुझी?"

आमच्याकडच्या कुठल्याही पोरीनं एवढ्यावर त्याच्या गळ्यात हात टाकले असते. वेन्ला थांबून राहिली. तिच्या देशात गप्प बसणाऱ्याला वेळ देतात. तिनं भरपूर दिला. मग "बरं" म्हणाली, फोन उचलला आणि आपल्या भाषेत काहीतरी थोडकं बोलली. मला ती भाषा येत नाही. पण ते कळलं.

ती वर गेली तशी मी सुरीसकट त्याच्यावर धावले. "थांब म्हणायला तोंड नव्हतं, गाढवा?"

"तुम्ही कधी म्हणालात कुणाला?"

मी सुरी खाली ठेवली. आमच्या किनाऱ्यावरून आजे गेले हवानाला, बाप गेले ब्वेनोस आइरेसला. धक्क्यावर उभं राहून 'थांब' म्हटलं असतं तर ते थांबलेही असते, आणि मग सगळ्यांनी मिळून उपाशी मरायचं. म्हणून तो शब्द आम्ही गिळला, पिढ्यान्‌पिढ्या गिळला. जाणाऱ्याला आम्ही एवढंच विचारतो, छत्री घेतलीस का? मोजे कोरडे आहेत ना? माझा नवरा, रामीरो, तोही छत्री घेऊनच गेला. तिकडे ती वाळत घातलीय म्हणे त्यानं. अजून वाळतेय.

जायच्या सकाळी आन्शोनं बॅग खाली आणली आणि आपली छत्री तिच्या हातात दिली.

"छत्री... असू दे ना?"

"आमच्याकडे बर्फ पडतो, आन्शो. बर्फात छत्री लागत नाही."

पण तिनं घेतली. कोपऱ्यावर वळताना मागं बघितलं नाही. आन्शो जिन्याच्या मधोमध उभा राहिला, तो अंधार पडेपर्यंत.

जानेवारीभर तो जिन्यावरून वरखाली करत पुटपुटत होता. मला वाटलं परीक्षेची घोकंपट्टी. फेब्रुवारीत एक दिवस त्यानं फोन उचलला, नंबर फिरवला आणि डोळे मिटले.

"वेन्ला, मी आन्शो. ये."

बस! ना मागं काही, ना पुढं. गालिसियाच्या आख्ख्या इतिहासात एवढं सरळ वाक्य कुणी बोललं नसेल. पलीकडे किती वेळ नुसती खरखर... आणि मग माझ्या दारापर्यंत आला तिचा आवाज, जरा हसरा, जरा कापरा –

"तिकडे पाऊस आहे का?"

आन्शोनं फोन ठेवला.

"काय म्हणाली?" मी उगीचच विचारलं.

"नाही म्हणाली."

"अरे, हो म्हणाली ती! आपल्यातलं कुणी असं विचारलं तर..."

"ती आपल्यातली नाही, दोन्या दोरिंदा." त्याचा आवाज थंड होता. "हो म्हणायचं असतं तर हो म्हणाली असती. एवढं मला तिनंच शिकवलंय."

ऐकेना. मी फिनलंडला फोन लावायला गेले तर तिच्या नंबराची चिठ्ठी त्यानं कधीच फाडून टाकली होती. पुढच्या आठवड्यात अभ्यास सोडून बापाच्या जहाजावर चढला. पार दक्षिणेला, जगाच्या टोकाला. शरद ऋतूपर्यंत परत येणार नाही असं जहाज. धक्क्यावर आईनं त्याला डबा दिला. मी विचारलं, मोजे घेतलेस ना?

ईस्टरला दार वाजलं. वेन्ला! नखशिखांत भिजलेली, हातात त्याची छत्री... मिटलेली.

"वर आहे ना तो?"

माझा चेहरा तिला वाचता आला. मग मी सगळं सांगितलं, एकही थाप न मारता.

"पण मी हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुमच्यासारखं म्हणून बघितलं. कितीदा पाठ केलं होतं..."

"मला कळलं होतं, पोरी."

"आणि तो निघाला तेव्हा? त्याला कुणीच थांब म्हटलं नाही? त्याच्या आईनं? तुम्ही?"

मी बाहेरच्या पावसाकडे बघितलं.

"छत्री उघडली का नाहीस?"

आता तिला सगळं कळत होतं, हेच वाईट होतं. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. आणि जहाजावरून परत येणारी पोरं मी पाहिली आहेत. येतात, पण गेली होती ती येत नाहीत.

ती जिना चढायला लागली आणि मधोमध, त्याच्या जागेवर, बसून राहिली. छत्री मांडीवर. अंगावरचं पाणी एकेक पायरी उतरत माझ्या दाराशी आलं.

वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली औषधांच्या दुकानातली बाई टोपली घेऊन खाली आली. वाट अडलेली बघून म्हणाली, "काय गं, वर चाललीस की खाली?"

वेन्लानं मान वर केली.

"का?" ती म्हणाली. "तुम्हाला कुठे जायचंय?"

आणि भिंतीकडे सरकून तिनं वाट करून दिली.