न बांधलेल्या इमारतीची सावली

बसा. स्टूल जरा डुगडुगतं, पण पाडत नाही कुणाला. कोटाचं कोपर फाटलंय, रफूला अर्धा तास तरी धरा. एवढ्या उजेडात दिवा का लावलाय, असं बघताय ना? साडेतीन वाजले की दिवा लावायचा, हा आता या घराचा नियम झालाय. सांगते. हात चालू असले की माझं तोंडही चालतं.

शेजारच्या मोकळ्या जागेवर दुकानं आणि कचेऱ्यांची सात मजली इमारत होणार, अशी पाटी लागली, तेव्हा आम्ही घाबरलो नव्हतो, चिडलो होतो. गल्लीत घरं पाच. कुणाला गाड्यांची काळजी, कुणाला पाण्याची. पलीकडे पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे पोस्टमास्तरच म्हणतात. त्यांना सगळ्याचीच काळजी. मला एकच होती. माझे बाबा आतल्या खोलीत पलंगावर असतात. पायांतलं बळ गेलंय. रोज चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट त्यांच्या पावलांवर यायचं. तेवढा तासभर ते म्हणायचे, "आता वाटतं गं, हे पाय माझेच आहेत." ते ऊन सात मजल्यांमागे जाणार होतं.

म्हणून हरकतीचा अर्ज घेऊन मी नगरपालिकेच्या कचेरीत गेले. तिथले साहेब बोलायला गोड होते. म्हणाले, "इमारत आहे कुठे, बाई? आधी उभी राहू दे. नुकसान झालं की या."

"म्हणजे बैल गेला नि झोपा केला?"

"मी काय करू? नियम तसा आहे."

बरं, निदान अर्ज मिळाल्याची पोच द्या म्हटलं, तर शिक्का वरच्या मजल्यावर. वर गेले, तर शाई खालच्या मजल्यावर. सहा हेलपाटे घातले. चपलेचा अंगठा तुटला, पण पोच काही मिळाली नाही. भिंतीशी बोलले असते तर तिला तरी पाझर फुटला असता.

बाबांचं सगळं आयुष्य नकाशे काढण्यात गेलेलं. ते म्हणाले, "त्यांना सावली दिसत नाही ना? मग आपण काढून दाखवू." पोस्टमास्तरांनी कुठून तरी इमारतीच्या आराखड्याची प्रत मिळवली, आणि बाबांनी पलंगावर पडल्या पडल्या हिशेब केला, की चार वाजता तिची सावली कुठवर येईल. पोस्टमास्तर दोरी धरायला, मी फक्की टाकायला. खेळाचं मैदान आखतात तशी पांढरी रेघ आम्ही गवतातून आणली, कुंपणावर चढवली, आमच्या भिंतीवर नेली. पोस्टमास्तर दर दहा पावलांनी कंबर धरून सरकारला शिव्या घालत होते. खिडकीच्या आत मी माझा शिवणाचा खडू घेतला. फरशीवरून पलंगावर, चादरीवरून बाबांच्या घोट्यांच्या जरा वर. तिथे रेघ संपली. बाबांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर."

फोटो काढून साहेबांना दाखवले. ते हसले. म्हणाले, "रेघेने कुठे अंधार होतो का?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता झाला.

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. आधी चिमण्या गप्प झाल्या. मग ओल्या सिमेंटचा वास आला, आणि बंद जिन्यात असतो तसला गारवा. मोकळ्या जागेत काही म्हणजे काही नव्हतं, गवत आणि एक मोडकी खुर्ची. त्या गवतावरून सावली हळूहळू सरकत आली. कुंपण चढली. भिंत चढली. वर, जिथे नुसतं आकाश होतं तिथे, कुणीतरी फळ्या टाकत असल्यासारखे आवाज येत होते. खिडकीतून ती आत उतरली, फरशी ओलांडून पलंगावर आली आणि खडूच्या रेघेपाशी थांबली. सुताएवढीसुद्धा पुढे गेली नाही.

"बाबा... थंडी वाजतेय का?"

"पाय गेले गं... पुन्हा."

आणि पोस्टमास्तर काय म्हणाले असतील? "झाला पुरावा." कुणाला कशाचं, आणि यांना पुराव्याचं. पण खरं सांगू, मलाही तेच वाटलं. सहा हेलपाट्यांनंतर माणूस भुताचासुद्धा पुरावा म्हणून उपयोग करतो.

साहेबांना अक्षरशः ओढून आणलं. ते त्या सावलीत उभे राहिले. वर पाहिलं, लख्ख निळं आकाश. खाली पाहिलं. मानेवरचा घाम पुसला, वहीत "आकाश निरभ्र" एवढंच लिहिलं आणि चहा न घेता गेले. पंधरा दिवसांनी पत्र आलं. जागेच्या मालकाने प्रस्ताव मागे घेतला होता. इमारत होणार नव्हती. आम्ही जिंकलो होतो. पोस्टमास्तरांनी सगळ्या गल्लीला अंगणात चहा पाजला. चार वाजता त्या चहावर सावली आली.

मग आम्ही रेघा पुसल्या. भिंत धुतली, चादर तीनदा उकळली. सावली होती तिथेच येत राहिली. मी पुन्हा कचेरीत. साहेब कागदातून मान वर करेनात. "कोणती इमारत, बाई? ती तर रद्द झाली. नसलेल्या इमारतीवर हरकत कशी घेणार?" आधी उभी नाही म्हणून ऐकायचं नाही, आता होणार नाही म्हणून ऐकायचं नाही. मला तिथल्या टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. घरी येऊन मी खूप रडले.

गेल्या महिन्यात सावलीत एक चौकोन उघडला. खिडकीएवढा. त्यातून ऊन आलं आणि बरोबर बाबांच्या पावलांवर पडलं. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच पिटल्या. बाबा मात्र चौकोनाकडे बघत राहिले. हळूच म्हणाले, "मी खिडक्या आखल्याच नव्हत्या गं..."

तरी ते रोज त्यात पाय ठेवायचे. मग एक दिवस त्या उजेडात कुणाची तरी सावली उभी राहिली. डोकं, खांदे, अंगात कोट असावा. काही करायची नाही, नुसती आमच्याकडे बघितल्यासारखी उभी असायची. बाबा म्हणाले, "असू दे... ऊन देतोय ना." परवा तिने हात वर केला आणि पडदा अर्धा ओढून घेतला. आता एकाच पायापुरतं ऊन उरलंय.

"त्यांना सांग ना," बाबा म्हणाले.

"कुणाला सांगू, बाबा?"

"हरकत घे... अर्ज कर."

मी केला. सवयच झाली होती. लिहिलं, की वडिलांचे दोन्ही पाय उन्हात यावेत, कृपया पाहणी करावी. वर "प्रति" लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली. काल चारला तो कागद पश्चिमेच्या त्याच खिडकीत ठेवला, वर कात्री ठेवली उडू नये म्हणून. सावली गेल्यावर बघते, तर खाली गोल शिक्का, "मिळाला". शाई ओली होती, बोटाला लागली. इतक्या महिन्यांत मला मिळालेली पहिली पोच. शिक्क्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पाहणी उद्या, चार वाजता.

म्हणजे आज.

हं. झालं बघा तुमचं कोपर. उजेडात धरलंत तरी टाका दिसायचा नाही. घाला, अंगावर बघू दे कसा बसतो.

एक विचारू? राग मानू नका... या कोटाला मघापासून ओल्या सिमेंटचा वास येतोय. तुम्ही येता येता कुठे थांबला होतात? इथे जवळपास तर कुठेच बांधकाम चालू नाही.

नाही, नका सांगू. चिमण्या गप्प झाल्यात. चला, बाबा आत आहेत. पांघरूण मी आधीच काढून ठेवलंय. दोन्ही पाय नीट बघून घ्या.