विझवलेला नंदादीप

अयोध्येनं सासूच्या हातातली काडेपेटी ओढून घेतली, तीही शेजारणींच्या देखत... आणि केशरबाईच्या मुठीत नुसती हवा राहिली.

घट बसायला थोडेच दिवस उरले होते. घरोघर दसरा काढायचं काम चाललेलं. वाकळा, गोधड्या, भांडीकुंडी सगळं अंगणात. चुलीवर सोड्याचं पाणी ठेवायचं म्हणून केशरबाईनं काडी ओढली होती, एवढंच. पण सून काडेपेटी कमरेला खोचत शेजारणींना सांगत होती की, बाई, आमच्या आत्याबाईंच्या हाताला आग देऊन आम्ही एकदा भरून पावलोय. शेजारणी पदराआड हसल्या. एके काळी जिच्या जिभेच्या धाकानं अख्खी आळी नळावर गपगुमान पाणी भरायची, ती केशरबाई धुण्याचा पिळा उचलून वळली. तिच्या काळजात मात्र तो जुना निखारा पुन्हा फुलला... जो तिनं स्वतःच्या हातानं तिथं पुरला होता.

पाचेक वर्षं झाली असतील. लोहाऱ्याकडच्या त्या गावात तिचं घर म्हणजे दगडमातीचं माळवद. वर लाकडी सरे, त्यावर पालापाचोळा आणि पांढरी माती. वीज घेतली होती तिच्या मालकांनी, फक्त एका दिव्यापुरती. मालक गेले, बहात्तरचा दुष्काळ येऊन गेला, आणि लेक बब्रुवान दूध संस्थेचा चेअरमन झाला. संस्थेचं दूध ह्याच घराच्या ओसरीवर जमायचं. मग ओसरीला मोठा बल्ब आला, फॅट काढायला लागणाऱ्या गरम पाण्यासाठी विजेची शेगडी आली, अयोध्येच्या माहेराहून लग्नात आलेला पंखा होताच, आणि चेअरमनला पांढऱ्या कपड्यांवर चुणी खपत नाही म्हणून इस्त्रीही आली. सगळं मधल्या खोलीतल्या एकाच बोर्डावर... एका होल्डरातून दोन फाटे, दोनातून चार!

सांज झाली की फ्यूज उडायचा. ओसरीवर दुधाच्या किटल्या घेऊन उभी असलेली माणसं अंधारात चेअरमनची टिंगल करायची. शेवटी एक दिवस चिडलेल्या बब्रुवाननं माळ्यावरची तार काढली. दुष्काळात विहिरीनं तळ गाठला, तरी चालवत ठेवली म्हणून विहिरीवरची मोटार जळाली होती. तिच्या पोटातली ती लाल, जाड तांब्याची तार. तिचाच तुकडा त्यानं फ्यूजमध्ये घट्ट पिळला आणि हात झटकत म्हणाला, "आता उडतोय का बघू."

नाही उडला. पण बोर्डामागची भिंत तापायला लागली. केशरबाई येताजाता तिथं तळहात लावून बघायची आणि सांगायची की, बाबा, एका दाव्याला चार म्हशी बांधल्यास तर दावं तुटंल तरी, नायतर खुटा उपटंल. बब्रुवान हसायचा. माय, तुला विजेतलं काय कळतं, म्हणायचा. तिनं चिडून एकदा पंख्याची वायर उपटून ठेवली, तर सुनेला वाटलं, सासूला माझ्या माहेरचं बघवत नाही.

आणि नवरात्रातल्या त्या सांजेला, दूध घालायच्या गर्दीत, मधल्या खोलीत बोर्ड पेटला. सरे पेटले, वरचा पाला पेटला... आणि खाली वाकळेवर चिमुकली चांगुणा झोपलेली! ओलं पोतं अंगावर घेऊन केशरबाईच आत धावली, नातीला उरापाशी धरून बाहेर आली. लेकरू वाचलं, पण त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजून निघाला होता. कुणीतरी खांबावरची वीज तोडली. दुष्काळात आटलेला आड अजून भरला नव्हता, म्हणून संस्थेच्या दुधाचे कॅन आगीवर ओतले. गावभर जळक्या दुधाचा वास कितीतरी दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमरग्याहून अयोध्येचा भाऊ भीमाशंकर ट्रक घेऊनच आला. लेकीला पोटाशी धरून अयोध्या दारात उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"ह्यांच्या हातानं माझी लेक जळली आसंल, तर ह्यांच्या घरात म्या पाणी पिणार न्हाय, दादा. खरं कळू दे, मग बसते ट्रकात."

केशरबाईनं लेकाकडं बघितलं. चेअरमनची मान खाली, अंगठ्यानं तो माती उकरत होता. तिला सगळं ठाऊक होतं. तार पिळताना ती शेजारी उभी होती. आता हा बोलेल... आता बोलेल... पण तो बोलला नाही. आणि त्या क्षणी त्या माउलीला आपल्या लेकाचा उजाड संसार दिसला, आईबापात वाटली गेलेली नात दिसली. ती आत देवघरात गेली. बाजूच्या त्या खोलीला आग लागली नव्हती. घटापुढं नंदादीप तेवत होता, नऊ दिवस विझू द्यायचा नसतो तो नंदादीप. सासूनं मरताना तिच्या हाती दिलेला, आणि एकाही नवरात्रात तिनं विझू न दिलेला. तो दिवा हातात घेऊन ती बाहेर आली.

"माझ्या हातानं जळली. ह्याच दिव्यावरनं पणती लावून नेली, तेल हुडकायला. पोरीच्या वाकळंपाशी ठेवली न् इसरले."

असं म्हणून तिनं सगळ्यांच्या देखत ती जळती वात चिमटीत धरली... आणि विझवली.

बायांनी तोंडाला पदर लावले. कुणाला शंका यायला जागाच उरली नाही. खोटं बोलण्यासाठी कुठली बाई घटाचा दिवा विझवेल? ट्रक रिकामा परत गेला. संसार राहिला. पण त्या दिवसापासून केशरबाईच्या हाती काडेपेटी राहिली नाही, देवघराचा उंबरा राहिला नाही, आणि नात तिच्याजवळ आली की सून हाक मारून नेऊ लागली. बब्रुवान? तो आईच्या ताटात जास्तीचं तूप वाढायचा. त्या तुपाला तिनं कधी बोट लावलं नाही.

...धुण्याचा पिळा दोरीवर टाकताना हे सारं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात मधल्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. आगीनंतर ती खोली बंदच होती. सगळे पुढं बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांत राहत. यंदा हिच्यावरही पत्रे टाकायचे म्हणून अयोध्या जळकी भिंत खरवडायला लागली होती. केशरबाई दारात गेली, तर सून उकिडवी बसलेली. पुढ्यात कोळसा झालेला बोर्ड, आणि तिच्या तळहातावर चिनी मातीचा तो फ्यूज. लाकूड जळालं होतं, भिंत जळाली होती. आतली जाड तार मात्र अभंग होती. जिथं मातीत दबली होती, तिथं लाल रंगसुद्धा तसाच होता.

ही तार अयोध्येनं ओळखली. हिच्याच उरलेल्या गुंडाळीनं तिनं दोडक्याचा वेल बांधला होता. रोज उडणारा फ्यूज एकाएकी उडायचा थांबला, तो दिवस तिला आठवला. सासूचा भिंतीला लावलेला तळहात आठवला... आणि वात धरलेली ती चिमटी.

"आत्याबाई," तिचा आवाज फाटला, "तुम्ही पणती नेलीच नव्हती?"

केशरबाईनं बोर्डाच्या जागी, जळक्या भिंतीवर पुन्हा तळहात टेकवला. अयोध्येनं तिथंच मातीत तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि पाच वर्षांचं सारं विष डोळ्यांवाटे वाहून गेलं.

बब्रुवान इस्त्रीच्या कपड्यांत संस्थेवरून आला, तेव्हा बायकोनं काही न विचारता तो फ्यूज त्याच्या हातावर ठेवला. तो आईच्या पायाशी वाकायला गेला, तशी ती मागं सरली.

"पाय धरू नको. माझी लाज गावानं येशीवर टांगली, तवा तू हितंच व्हतास. आई खोटं बोलली, ते तिला शोभलं. तू गप बसलास, ते तुला शोभलं का?"

अयोध्या उठली. डोळे पुसून तिनं सरळ सांगितलं की, आपलं तेव्हाचं बोलणं अजून तसंच आहे. चांगुणाला घेऊन ती उमरग्याची गाडी धरणार. बब्रुवान भिंतीला टेकून खाली बसला.

केशरबाईनं सुनेचं मनगट धरलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"जायचं तर जा, माझी आडकाठी न्हाय. पर म्या देवीचा दिवा विझवला, त्यो ह्याच्यासाठी न्हाय गं... तुझ्या घरासाठी, पोरीसाठी. त्यो वाया घालवून जाऊ नको."

अयोध्येनं कमरेची काडेपेटी काढून सासूच्या हातात ठेवली. ती गेली नाही. पण त्या घटकेपासून नवऱ्याशी बोललीही नाही.

घट बसले त्या दिवशी देवघरात सगळे जमले. नव्या पत्र्याच्या खोलीतही तेच होतं. एका होल्डरातून टेप, पंखा, शेगडी, इस्त्री. केशरबाईनं आधी लेकाला ते सगळं एकेक करून उपटायला लावलं, शेजारणींच्या देखत, आणि त्याच्याच तोंडून तारेची गोष्ट सांगवली. सांगून झाल्यावर चेअरमननं तांब्याकडं बघितलं, पण कुणी त्याला पाणी दिलं नाही.

मग काडेपेटी घेऊन ती घटापुढं बसली. काडी ओढली, आणि हात वातीपाशीच अडला. ज्या चिमटीनं दिवा विझवला, त्या चिमटीनं कसा लावायचा? तिनं चांगुणाला जवळ घेतलं, तिच्या सुरकुतल्या, भाजल्या बोटांत काडी दिली आणि वरून आपला हात धरला. वात पेटली. अयोध्या हुंदका देत सासूच्या खांद्याला टेकली.

"माय," बब्रुवान उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "मला कवा माफ करशील?"

केशरबाईनं मान वळवली नाही. तेलाची बुधली तेवढी उंबऱ्याकडं सरकवली.

"नऊ दिवस हितं बस. इझू देऊ नको. मग बघू."