टिटवीला किती दिवे?

टिटवी जिंकून देते, असं आकडे सांगत होते. पण ऋजुताच्या हातात टिटवी आली की ती हरत होती.

रविवारची सकाळ अशीच गेली. नऊ डाव झाले. सहा डावांत टिटवी हातात आली आणि त्यातले पाच डाव गेले. ऋजुताने पाटी (घडी होणारा पातळ संगणक) सोफ्यावर उपडी टाकली, उठून खिडकीपाशी गेली, परत आली, पाटी सुलटी केली आणि पुन्हा उपडी टाकली.

"ऋजूताई, आपण आतापर्यंत चौदा वेळा उठून बसलात," खटपट्या म्हणाला. खटपट्या म्हणजे तिच्या आजोबांच्या, आबांच्या घरातला यंत्रमानव. दिसायला तो दोन डब्यांची उतरंड. कामाला चोख, पण चहा मात्र कायम पांचट करायचा.

"मोजत बसू नकोस रे! संध्याकाळी सहाला अहवाल द्यायचाय मला."

अहवाल 'दीपमाळ'चा होता. दीपमाळ हा पाटीवर खेळायचा पत्त्यांचा खेळ. राज्यभरातली मुलं तो खेळायची. दोघांकडे तीस-तीस पत्त्यांचा कॅट असायचा. पहिल्या पाळीला आपला एक दिवा लागायचा, दुसरीला दोन, तिसरीला तीन. प्रत्येक पत्त्यावर तो उतरवायला किती दिवे लागतात ते लिहिलेलं असायचं. उतरलेले पत्ते समोरच्याच्या बुरुजावर चालून जायचे. बुरूज पडला की डाव संपला.

दर वर्षी खेळात नवे पत्ते यायचे. ते कोणीही पाठवू शकत असे. पण खेळात घेण्याआधी प्रत्येक पत्ता 'पारख मंडळा'तल्या एकेका मुलाकडे तपासायला जायचा. शंभरात पंचावन्नपेक्षा जास्त डाव जिंकून देणारा पत्ता फार जबर ठरायचा आणि मंडळ त्याचं बळ छाटायचं. अठ्ठेचाळीसपेक्षा कमी जिंकून देणारा पत्ता कमजोर, म्हणून बाद. तपासणाऱ्याला फक्त एक बदल सुचवायची मुभा होती.

यंदाच्या चाळीस पत्त्यांत ऋजुताकडे आलेल्या पत्त्याचा क्रमांक होता तेहतीस. नाव, टिटवी. दिवे सहा. टिटवी ओरडली की मैदानावरच्या आपल्या प्रत्येक पत्त्याचं बळ दोनाने वाढे. पाठवणाऱ्याचं नाव मंडळ लपवून ठेवत असे. पण चित्र पाहताच ऋजुताने ओळखलं होतं. त्या टिटवीचा एक पाय जरा जास्तच लांब होता. आजीला पक्ष्यांचे पाय कधी नीट जमले नाहीत.

आजीने तो पत्ता श्रावणात याच घरातल्या टेबलाशी बसून काढला होता आणि मंडळाला पाठवला होता. भाद्रपदात आजी गेली.

"काय म्हणते टिटवी?" आबांनी दारातून विचारलं. हातात झारी होती. परभणीच्या थंडीतही झाडांना त्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा पाणी घातलं होतं. भाद्रपदापासून आबा एका जागी बसत नसत. रेडिओ लावत, बंद करत, पुन्हा लावत. आबा, म्हणजे विश्वंभर कात्नेश्वरकर, हे ज्वारीचे शास्त्रज्ञ, चौतीस वर्षं नवी वाणं तपासण्यात घालवलेली. आता तपासायला काहीच उरलं नाही, अशा चेहऱ्याने ते घरभर फिरत.

"काही कळतच नाही, आबा. सरावाचे चारशे डाव खेळले मी. ज्या डावांत टिटवी उतरवली, त्यांतले शंभरात एकाहत्तर डाव जिंकलेत. एकाहत्तर! म्हणजे मंडळ आजीच्या टिटवीचं बळ छाटणार. आणि ती हातात आली की मी हरते. माझंच डोकं चालत नाही का?"

"डोकं चालतंय. मोजलंस काय ते सांग."

"सांगितलं ना. टिटवी उतरवलेले डाव."

आबांनी झारी तिथेच दारात ठेवली. "आणि हातात आली, पण उतरवली नाही, ते डाव?"

ते डाव ऋजुताने धरलेच नव्हते.

"खटपट्या, सांग बरं," आबा म्हणाले.

खटपट्याच्या वरच्या डब्यात घरघर झाली. "दोनशे नव्वद डावांत टिटवी हाती आली. एकशे तीस डावांत ती उतरवली गेली, त्यांतले त्र्याण्णव जिंकले. उरलेल्या एकशे साठ डावांत ती हातातच राहिली, आणि त्यांतले फक्त एक्केचाळीस जिंकले."

"एकूण?"

"दोनशे नव्वदांत एकशे चौतीस. म्हणजे शंभरात सेहेचाळीस."

"सेहेचाळीस?" ऋजुता ओरडलीच. "एकाहत्तरावरून एकदम सेहेचाळीस? मग ती एवढी जिंकते कशी?"

"टिटवी कधी उतरवतेस तू?"

ऋजुताने विचार केला. "मैदानावर माझे चार-पाच पत्ते असले की. एखादाच असेल तर तिच्या ओरडण्याचा उपयोग काय?"

"आणि चार-पाच पत्ते मैदानावर असले की डाव कोणाच्या बाजूने असतो?"

"माझ्याच..." ती बोलता बोलता थांबली. "म्हणजे मी आधीच जिंकत असते! टिटवी जिंकून देत नाही. जिंकणाराच टिटवी उतरवतो."

"बरोबर. याला निवडीचा दोष म्हणतात (मोजायला घेतलेली उदाहरणंच एका बाजूची असणे). आमच्याकडे हे नेहमीचं. एक बियाणंवाला नवं वाण घेऊन आला होता. म्हणाला, दुप्पट पिकतं. जाऊन बघितलं तर त्याने ते विहिरीजवळच्या काळ्या रानात पेरलेलं, आणि जुनं वाण माळावरच्या मुरमात. आता पिकलं ते वाण की रान?"

"रान."

"मग वाण कसं तपासायचं?"

"दोन्ही एकाच रानात पेरायची."

"शेजारी शेजारी. आणि कुठला वाफा कुणाला, हे आपण नाही ठरवायचं. चिठ्ठ्या टाकायच्या. आपण ठरवलं की आपला हात आपल्या आवडत्या वाणाकडे वळतो. कळतही नाही आपल्याला."

घड्याळात सव्वातीन झाले होते. ऋजुता टेबलाशी बसली आणि तिने पाटी ओढली. तिचे पाय खुर्चीखाली हलत होते, पण आता ती उठली नाही.

"दोन कॅट घ्यायचे," ती म्हणाली. "एकोणतीस पत्ते अगदी तेच. तिसावा पत्ता एकात टिटवी, दुसऱ्यात... दुसऱ्यात सहा दिव्यांचाच एखादा जुना, सगळ्यांना माहीत असलेला. गवा!"

"आम्ही त्याला तुलनेचं वाण म्हणायचो (ज्याची कुवत आधीच माहीत आहे आणि ज्याच्याशी नवं ताडून बघतात ते)," आबा म्हणाले. खुर्ची ओढून ते तिच्याशेजारी बसले. "आणि पत्ते पिसायचे कोणी?"

"खटपट्याने. यादृच्छिक (कोणाच्या मर्जीने नाही, चिठ्ठी उचलल्यासारखं). आणि एकदा पिसलेला कॅट दोनदा खेळायचा. एकदा गवा घालून, एकदा त्याच जागी टिटवी घालून. म्हणजे नशीब दोघांनाही सारखंच."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. "हे कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच की! एकच रान म्हणालात ना?"

"दोन्ही बाजूंनी मीच खेळू?" खटपट्याने विचारलं. "मग हरल्याचं दुःख मलाच आणि जिंकल्याचा आनंदही मलाच."

"तुला कधी दुःख झालंय रे?"

"चहाला नावं ठेवल्यावर होतं."

खटपट्या खेळू लागला. पाटीवर दोन आकडे लुकलुकत होते. पन्नास डावांनंतर टिटवी शंभरात अठ्ठावन्न, गवा अठ्ठेचाळीस.

"बघा! थांबव, खटपट्या, थांबव! अठ्ठावन्न... नको, हे फार झालं, छाटतील. जरा खाली आलं की थांबव."

"ऋजू," आबा म्हणाले, "रुपया दहादा उडवला आणि सातदा छापा पडला, तर रुपया खोटा का?"

"नाही. दहादाच तर उडवला."

"पन्नास डावांत आकडा सात-आठ सहज इकडेतिकडे होतो. दहा हजार डावांत तो जेमतेम अर्ध्या टक्क्याने हलतो. नमुना (तपासायला घेतलेला वाटा) जितका मोठा, तितका आकडा स्थिर. आणि मनासारखा आकडा आला की थांबायचं, ही तर सरळ फसवणूक. किती डाव खेळायचे ते आधी ठरव."

"दहा हजार," ऋजुता म्हणाली, आणि पाटीवर लिहूनही ठेवलं.

दहा हजारांना चाळीस मिनिटं लागणार होती. ऋजुता अंगणात गेली, आत आली. आबांनी रेडिओ लावला, बंद केला. दोनशे डावांवर टिटवी पंचेचाळीस. हजारावर एकोणपन्नास. चार हजारांवर अठ्ठेचाळीसला टेकून ती वरखाली व्हायला लागली, तशी दोघंही पाटीसमोर उभी राहिली. बसायचं कोणालाच सुचलं नाही.

चार वाजून पाच मिनिटांनी खटपट्या थांबला. गवा पन्नास पूर्णांक दोन. टिटवी सत्तेचाळीस पूर्णांक सहा.

अठ्ठेचाळीसच्या खाली म्हणजे बाद.

"आणखी हजार खेळव," आबा अचानक म्हणाले.

"आबा?"

"चार दशांशाने तर गेलंय. एवढ्याने काय होतंय? आणखी हजारात वर येईल. चल, खेळव रे."

खटपट्याने ऋजुताकडे पाहिलं. तिलाही तेच हवं होतं. सकाळपासून तिला दुसरं काही नको होतं.

"आबा, एकोणपन्नास आले असते तर आणखी हजार खेळवले असते का आपण?"

आबा खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "नसते."

"मग?"

"मग नाही खेळवायचे." ते परत येऊन बसले. "बारा वर्षं खपून मी एक वाण काढलं होतं. माझ्याच चाचणीत ते नापास झालं. कागदावर सही करवेना. कुमुद, तुझी आजी, म्हणाली, खरं आहे ना? मग कर सही आणि जेवायला चल."

ऋजुताने नाक पुसलं. "एक बदल सुचवता येतो आपल्याला."

"कोणता करशील?"

"टिटवी कमजोर नाही. उशिरा येते. सहावा दिवा लागेपर्यंत डाव बहुतेक ठरलेला असतो. जिंकत असलो तर तिची गरज नाही, आणि हरत असलो तर तिचं ओरडणं ऐकायला मैदानावर कोणी नाही. पाच दिव्यांवर आणली तर ती डाव अजून हलता असतानाच येईल." ती थांबली. "पण आबा, मी आजीला तेव्हाच म्हणाले होते, पाच ठेव. ती म्हणाली, इतकी स्वस्त नको माझी टिटवी. आता ती नाही, आणि मी तिचा पत्ता बदलते."

"ती असती तर भांडली असती तुझ्याशी," आबा म्हणाले. "तास-दोन तास. मग म्हणाली असती, खेळून दाखव."

"खेळून दाखवू?"

"किती डाव?"

"दहा हजार. एकही कमी नाही, एकही जास्त नाही."

ही चाळीस मिनिटं आधीच्यापेक्षा लांब वाटली. खटपट्याने चहा केला. तो पांचटच होता, पण दोघांनी तो संपवला. पाच वाजायला आले तेव्हा पाटीवर आकडा उमटला. पाच दिव्यांची टिटवी, पन्नास पूर्णांक तीन.

ऋजुताने अहवाल लिहायला घेतला. एकाहत्तर कुठून आला आणि तो का चुकीचा, हे तिने आधी लिहिलं. मग दोन्ही चाचण्या, आणि ही पद्धत आबांनी शिकवल्याचं. शेवटी थोडा वेळ बोटं थांबली, आणि तिने आणखी एक ओळ लिहिली: "हा पत्ता माझ्या आजीचा आहे, हे मी चित्रावरून ओळखलं. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. याच पद्धतीने दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या."

"हे लिहिलंस तर परत पाठवतील," आबा म्हणाले.

"पाठवू देत की. चाचणी खरी असेल तर त्यांच्याकडेही पन्नासच्याच आसपास येईल."

सहाला दहा मिनिटं असताना अहवाल गेला.

मंडळाने टिटवी खरंच दोघांकडून पुन्हा तपासून घेतली. एकाकडे आकडा आला पन्नास पूर्णांक सहा, दुसरीकडे एकोणपन्नास पूर्णांक नऊ. टिटवी खेळात आली. सोबत निरोपही आला: उरलेल्या एकोणचाळीस पत्त्यांना हीच पद्धत लावायची आहे, बाकीच्या मुलांना शिकवाल का? आबांनी तो निरोप चष्मा पुसून दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊला पाटी उघडून बसायला लागले. पाटीच्या पलीकडून सोलापूरची, भंडाऱ्याची, सावंतवाडीची मुलं त्यांच्याशी वाद घालत. एकीने तर विचारलं की औषधंही अशीच तपासतात का. आबा म्हणाले, हो, आणि मोठी झालीस की तूच तपासायला ये.

महिन्याभराने ऋजुता मधल्या सुट्टीत दीपमाळ खेळत होती. समोर गडचिरोलीचा कोणी मुलगा होता. डाव अगदी तोलात होता. पाचव्या पाळीला त्याने एक पत्ता उतरवला. लांब पायाची टिटवी मैदानावर आली, मान वर करून ओरडली, त्याच्या तिन्ही पत्त्यांचं बळ वाढलं आणि दोन पाळ्यांत ऋजुताचा बुरूज कोसळला.

ती हरलेला डाव बघत राहिली. खाली त्या मुलाचा संदेश उमटला: "भारी पत्ता आहे ना हा! कोणी केलाय काय माहीत."

ऋजुताने लिहिलं, "माझ्या आजीने."

मग जरा विचार करून तिने पुढे जोडलं, "एक दिवा आम्ही कमी केला. पुन्हा खेळतोस?"