सुतकातली फवारणी

विलासने गावी जायला एकट्याचीच बॅग भरली आणि दारात चपला घालताना, नजर न उचलता तो म्हणाला, "दादाचा राग अजून गेला नाही गं. पुढच्या वेळी बघू." मीनाने नवऱ्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. उद्या सासऱ्यांचं, आबांचं वर्षश्राद्ध... आणि जुईनगरच्या याच घरात ज्या सुनेने त्यांचं शेवटचं दुखणं काढलं, तिलाच बोलावणं नव्हतं!

गेल्या हिवाळ्यात मंचरकडच्या गावी आबांचे दिवस चालले होते. सुतकात घरचं कुणी रानात पाऊल टाकत नव्हतं, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून धुकं उतरलं होतं. असल्या हवेत बटाट्यावर करपा पडतो आणि बघता बघता उभं पीक काळं होतं. मीनाने भल्या पहाटे पाठीवर पंप घेतला आणि एकटीनेच बुरशीनाशक फवारलं. पीक वाचलं. पण ती परतली तेव्हा थोरले दीर अंकुशदादा चार माणसांत म्हणाले, "बापाची राख निवली न्हाई, अन् हिला बटाटे दिसत्यात."

खरं तिच्या पोटातच राहिलं. प्राण जायच्या आदल्या संध्याकाळी आबांनीच तिचा हात धरून बजावलं होतं, की गावाकडे ढग येतायत, मी गेलो की अंकुश सुतक पाळत बसेल, त्याला विचारू नकोस, तू फवार. थोरल्या लेकाला डावलून बापाने सुनेवर भरवसा टाकला, हे त्या लेकाला कोणत्या तोंडाने सांगायचं! विलासलाही ती बोलली नाही, त्याच्या पोटात काही राहत नसे. वर्षभर ती माणसांत असून एकटी पडली होती. आबांनी आपल्याला आपलं मानलं, एवढ्या एका आठवणीवर तगून होती.

दुसऱ्या दिवशी तिने आबांच्या नावाने पान वाढलं, तोच फोन वाजला. अंकुशदादा होते.

"मीना, बटाट्याच्या पानांवर काळे डाग पडलेत, खालनं पांढरी बुरशी. भटजी येऊन बसलेत, पण मी रानात हाय. गेल्या साली तूच फवारलं हुतंस. आता काय मारू?"

नुसतं मॅन्कोझेब, पानावरच राहणारं बुरशीनाशक, आता पुरणार नाही, पानात भिनणारं औषध आणा, पानांच्या खालूनही फवारा, असं तिने सावकाश समजावलं. मग दादांनी आवाज खाली घेऊन विचारलं,

"तवा फवारायला तुला आबांनी सांगितलं हुतं का गं? वरीसभर सलतंय. मला सोडून तुला सांगितलं असंल, तर मी त्यांचा कुणीच नव्हतो म्हणायचा."

होकार अगदी ओठांवर आला... एक शब्द, आणि वर्षभराचा कलंक धुऊन निघाला असता! पण पलीकडे तो करारी माणूस हुंदका गिळत होता.

"नाही दादा," ती म्हणाली. "मलाच राहवलं नाही. आबा शेवटपर्यंत तुमचंच नाव घेत होते."

दादा मोकळेपणी रडले. मग म्हणाले, "चुकलीस, पण घरचीच हायेस. संक्रांतीला ये."

"येते," ती म्हणाली.

आबांनी काय सांगितलं होतं, ते आता तिला कुणालाच कधी सांगता येणार नव्हतं. फोन ठेवून ती पानाशेजारी बसली आणि पोटभर रडली.