घरच्यांना सोडून बोला

सारिकाच्या थोरल्या बहिणीचं, कोमलचं, लग्न झालं ते वर्ष दोन हजार चोवीस. माघात लग्न झालं आणि त्याच वर्षी निवडणुका आल्या. एक उन्हाळ्यात होऊन गेली, दुसरी दिवाळीनंतर व्हायची होती. कोमल सासरी गेल्यावर घर मोकळं मोकळं वाटायला लागलं. त्या मोकळ्या वेळात सारिकाला फोनवर भांडायची सवय लागली.

मावळातल्या लोकांचा फेसबुकवर एक ग्रुप होता. सारिकाचे वडील अंबाजीभाऊ एका पक्षाचे जुने कार्यकर्ते, त्यामुळे तिची बाजू जन्मापासूनच ठरलेली. ती ‘धरणकाठची लेक’ या नावानं लिहायची. समोरच्या बाजूला ‘साधा मतदार’ नावाचा कुणीतरी होता. तो तिचं एक वाक्य सुखानं जाऊ द्यायचा नाही. पण एक होतं... बाकीचे लगेच आईबहिणीवर उतरत, हा मात्र ‘तुम्ही’वरून ‘तू’वरसुद्धा येत नसे.

श्रावणात एकदा ती कामशेतहून पवनानगरच्या जीपमध्ये बसली होती. धरणावर तंबूंचं बुकिंग घेण्याचं काम होतं तिचं, रोजचा रस्ता. मागच्या बाकावर चौघांच्या जागेत सहा माणसं, ताडपत्रीच्या फटीतून गार तुषार आत येत होते. तिनं अंग चोरून, अंगठ्यानं लिहिलं, ‘रस्ता तुमच्या आमदारांनी केला म्हणता, मग खड्डे कुणी केले?’

पाठवलं, आणि शेजारच्या माणसाचा फोन वाजला. तो वाचून गालात हसला. लिहू लागला. मग हिचा फोन वाजला... ‘खड्ड्यांचं श्रेय आम्ही मोठ्या मनानं तुम्हाला देतो.’

तेवढ्यात जीप खड्ड्यात आदळली आणि त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला. तिनं तिरक्या नजरेनं त्याच्या फोनमध्ये पाहिलं.

“तुमी... साधा मतदार?”

त्यानं वळून पाहिलं. तिच्या बटांवर पावसाचे बारीक थेंब अडकले होते.

“आन् तुमी धरणकाठची लेक? मला वाटलं, एखादी साठीची मावशी आसंल. काय ते बोलणं!”

“मला वाटलं, एखादे टकले मास्तर आसतील.”

“पडंल की टक्कल. तुमी आशाच भांडत राह्यला तर लवकरच पडंल.”

समोरची बाई पदरात तोंड घालून हसली. सारिका बाहेर बघू लागली, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

त्याचं नाव संदेश. कामशेतला त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, लग्न, श्रद्धांजली, निवडणूक, सगळ्या पक्षांचे फलक तोच करायचा. कोमलच्या लग्नाचा फलकही त्यानंच केला होता आणि अंबाजीभाऊंचा फेटा बांधलेला फोटो त्यात त्यानंच बसवला होता.

मग जीप चुकवणं सुरू झालं. तो आला नाही की ती एक जीप सोडायची, ती आली नाही की तो दोन. आश्विनात एका संध्याकाळी दोघं धरणाच्या काठावर उकडलेल्या शेंगा खात बसली होती.

“एक ठरवू,” सारिका म्हणाली. “ग्रुपवर मी तुला सोडनार न्हाई.”

“सोडू नकोसच. तुझ्या शिव्यांशिवाय जेवण जात न्हाई.”

“आईक की! भांडायचं, पन घरच्यांना सोडून बोलायचं. तुझे घरचे, माझे घरचे. तितं बांध.”

“आन् कुनी बांध कोरला तर?”

तिनं शेंग फोडली. दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

“तर मग आपलं काय राह्यलं, संदेश?”

त्यानं दाणे मुठीत धरले. खाल्ले नाहीत. “राखीन मी,” म्हणाला. “बांध बी आन्... तुला बी.”

त्यानंतरचे दिवस फार गोड गेले. ग्रुपवर तो तिच्या पक्षाची सालटी काढायचा आणि लगेच खाजगीत विचारायचा, ‘जेवलीस का?’ ती लिहायची, ‘तुझ्या नेत्याचं भाषण ऐकून भूक मेली.’ लोकांना वाटायचं, ही दोघं समोरासमोर आली तर डोकी फोडतील.

मतदान जवळ आलं तसं ग्रुपचं वारं फिरलं. कोण बोलतंय हे कुणी पाहीना, कुणाचा आहे एवढंच पाहायचे. संदेशची आई सरुबाई एका सभेला गेली होती. उन्हात खुर्चीवर बसल्या बसल्या तिला डुलकी लागली, तोंड उघडं राहिलं. सारिकाचा चुलतभाऊ सत्यम यानं तो व्हिडिओ टाकला आणि खाली अशी घाण ओळ लिहिली की ती इथं लिहिता येणार नाही.

घरात प्रचाराची पोरं बसली होती. सत्यम म्हणाला, “आपल्या घरातूनच कुनी हसंना व्हय? सारे, टाक की हसरं तोंड.”

सगळे तिच्याकडं पाहत होते. सारिकानं विचार केला, शंभरात एक, कुणाला कळतंय... आणि अंगठा टेकवला.

संदेशला सगळ्यात आधी तिचंच नाव दिसलं.

‘तू पण?’ एवढंच त्यानं विचारलं.

तिनं लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. घरात माणसं होती, अंगणात माणसं होती. ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं त्याच्याकडं उत्तर म्हणून पोचलं.

मतदान संपलं त्या संध्याकाळी संदेशनं दुकानातला तो लग्नातला फोटो उघडला. अंबाजीभाऊंना चौकटीत बसवलं, हार घातला, खाली समई, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. राजकारणात मेलात, असं म्हणायची आजकालची ती रीतच झाली आहे. जिवंत माणसांना रोज हार पडतात. त्यानं ते टाकलं. थोड्या वेळानं राग उतरला आणि त्यानं ते काढून टाकलं. पण तोवर ते गावोगाव गेलं होतं.

अंबाजीभाऊंची थोरली बहीण बयाबाई डोंगरापलीकडच्या वाडीत राहायची. तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्या सुनेनं सकाळी फोन पुढं धरला. वाचायची गरजच काय? भावाच्या फोटोला हार होता. म्हातारी अनवाणी निघाली. वाडीला गाडी येईपर्यंत थांबली नाही, पाण्याचा घोट घेतला नाही. माहेरचं माणूस गेल्यावर तोंडात काही घालायचं नसतं. डोंगर चढून, उतरून, ऊर बडवत ती दारात आली.

अंबाजीभाऊ ओट्यावर चहा पीत होते.

ती उभीच राहिली. मग पुढं होऊन तिनं त्यांचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं.

“मेला न्हाईस रं?”

“न्हाई गं आक्का. हितंच हाय की.”

तिनं त्यांच्या गालावर एक चापट मारली आणि हसायला लागली. हसता हसता म्हणाली, “पानी दे गं सारे.” सारिकानं तांब्या दिला. बयाबाई पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं, “वाईच पडते,” म्हणून ओट्यावर आडवी झाली.

आत्याच्या दहाव्याला नदीवर संदेश आला. लांब, जांभळीखाली उभा राहिला. सत्यम उठला तसा अंबाजीभाऊंनी त्याचा हात धरून खाली बसवलं. सारिका एकटी चालत गेली.

“मी केलं ते,” संदेश म्हणाला. “दुसऱ्या कुनाचं नाव घेनार न्हाई.”

“मी हसले व्हते. तुझ्या आईला.”

“ठावं हाय.”

नदीचं पाणी खडकावरून वाहत होतं.

“तुझ्यावर लय जीव हाय माझा, सारिके. निवडणूक झाली की भाऊंना इचारनार व्हतो...”

“माझा बी हाय,” ती म्हणाली. “पन तू दारात आलास की मला आत्या दिसनार. आन् मी तुझ्या आईच्या पाया पडले की तुला ते हसनं दिसनार. कसं नांदायचं?”

त्यानं हात पुढं केला, अर्ध्यावर थांबवला. तिनं तो धरला, दाबला... आणि सोडला.

घरी येऊन तिनं ग्रुपवर आपल्या खऱ्या नावानं लिहिलं, ‘माझी आत्या गेली. हात जोडते, आता तरी थांबा.’ एका बाजूनं लिहिलं, म्हातारी आधीच आजारी होती. दुसऱ्या बाजूनं लिहिलं, खून आहे, बदला घेऊ. कुणी लिहिलं, अशी बाईच नव्हती. खाली हसरे चेहरे वाढत गेले, दोन्हीकडचे. तिनं ते संध्याकाळपर्यंत वाचलं, मग वाचायचं सोडलं. संदेशनं दुकान विकलं आणि तो उर्शाच्या टोलनाक्यावर कामाला लागला. पवनानगरच्या जीपमध्ये तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

ग्रुपवर अजून वाद चालतो म्हणतात. कोण काय लिहील ते लिहो. अंबाजीभाऊंची बहीण बयाबाई गुरुवारी, एकवीस नोव्हेंबर दोन हजार चोवीसला, दुपारी, भावाच्या ओट्यावर वारली.