टेम्पो नाही हलणार

"टेम्पो बाजूला घे आधी! ट्रॅफिक तुंबलंय!" पांढऱ्या कारमधून उतरलेले गृहस्थ माझ्यावर ओरडले.

"पोलीस येईपर्यंत नाही हलणार," मी म्हटलं.

धाकट्या डहाणूहून मासळीचे क्रेट भरून मी तलासरीच्या बाजाराला निघाले होते. विवळवेढ्याला, महालक्ष्मीच्या फाट्याजवळ, त्यांच्या कारने मागून ठोकलं. निम्मे बोंबील हायवेवर सांडले, आणि शेजारच्या सीटवर कमळीमावशी मनगट धरून कण्हत होती.

कारच्या दुसऱ्या दारातून एक तरुण उतरला. तो माझ्याकडे नाही, थेट मावशीकडे गेला.

"हात अजिबात हलवू नका, मावशी." त्याने वहीचा पुठ्ठा मनगटाखाली धरला, आपल्या रुमालाने अलगद बांधला. "१०८ला फोन केलाय. येईलच गाडी."

"डॉक्टर आहात?" मी विचारलं.

"शिक्षक. तलासरीला. पोरं रोज काही ना काही मोडून घेतात."

मी मोबाईलवर फोटो काढत होते... दोन्ही गाड्यांचे नंबर, फुटलेला मागचा दिवा, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा.

"मीपण आलो वाटतं फोटोत?"

"पुरावा म्हणून आलात."

"मग जरा नीट काढा. पुरावा स्पष्ट हवा." तो हसला — आणि अशा वेळी मलाही हसू येतंय म्हणून स्वतःचाच राग आला.

"अनिकेत!" गृहस्थ कडाडले. ते त्याचे वडील, अण्णा. नुकतेच मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. "तिला सांग, इथल्या इथे मिटवू. पोलीसबिलीस कशाला? अचानक ब्रेक तिनेच मारला."

"मी सरळ चालले होते. तुमच्या कानाला फोन होता. आरशात दिसत होतं मला."

"एका मासेवालीवर कोण विश्वास ठेवणार?"

मावशी कण्हायची थांबली. माझे कान तापले, पण आवाज मी चढवला नाही. "मिटवायचं होतं, तर आधी मावशीला कितपत लागलंय ते विचारायचंत. ११२ला फोन लावून झालाय."

मावशीला ॲम्ब्युलन्स घेऊन गेली. पोलीस आले, माझी तक्रार लिहून घेतली, पंचनामा सुरू झाला. हवालदारांनी अनिकेतला विचारलं, "तुम्ही पुढे बसला होतात. काय पाहिलंत?"

अण्णांनी मुलाकडे नुसतं बघितलं. त्या नजरेने घर चालत असणार, हे मलाही कळलं. अनिकेतने मान खाली घातली.

"अण्णा फोनवर बोलत होते. टेम्पो सरळ चालला होता. चूक... आमची आहे."

"अनिकेत, विचार करून बोल!"

"लिहून घ्या साहेब. मी सही करतो."

आणि खरंच सही केली त्याने.

दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात आला, चिकूंची पिशवी घेऊन. मग मावशीची विचारपूस करायला घरी. मग विम्याचा फॉर्म भरायला. फॉर्म भरून झाला, तरी येतच राहिला.

"नीलम, तुझं आडनाव पुन्हा सांग."

"चार वेळा लिहिलंयस!"

"पाचव्यांदा लिहावंसं वाटतंय... मग?"

"घरी कसं चाललंय?" मी विषय बदलला.

"अण्णा बोलत नाहीत. जेवताना मीठसुद्धा आईमार्फत मागतात."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी मी किनाऱ्यावर वाळलेले बोंबील काढत होते. तो समोर येऊन उभा राहिला, चेहरा उतरलेला.

"अण्णांनी आज पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, तिने तक्रार मागे घेतली तर लग्नाला माझी हरकत नाही."

हातातले बोंबील मी टोपलीत टाकले. "आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, ती घेणार नाही. आणि कुणाच्या धाकाने घेतलीच, तर मीच तिला ओरडेन."

"लग्नाचं त्यांच्याशी बोललास. मला विचारलंस कधी?"

तो गडबडला. कानापर्यंत लाल झाला. "आत्ता... म्हणजे... करशील?"

"हातांना मासळीचा वास येतोय माझ्या."

त्याने दोन्ही हात धरले. सोडले नाहीत.

"करेन," मी म्हटलं. "चल, अण्णांना आताच सांगून येऊ."

"आता? अशीच?"

"अशीच."

डहाणूतल्या त्यांच्या घरी दार अण्णांनीच उघडलं. माझ्या साडीवरचे खवले बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. पण नजर मी खाली घातली नाही.

"अण्णा, तक्रार मी मागे घेणार नाही. आणि अनिकेतलाही सोडणार नाही. दोन्ही तुमच्या तोंडावर सांगायला आले."

ते दारातून हलले नाहीत. आतून त्याच्या आईचा आवाज आला, "अहो, उंबऱ्यात काय उभं ठेवलंय पोरीला? आत येऊ द्या की!"

अण्णांनी मुलाकडे बघितलं. या वेळी अनिकेतने मान खाली घातली नाही. आणि अण्णा एक पाऊल मागे सरकले. नाराजीनेच.

मी चपला काढल्या आणि आत गेले.