बळवंतदादाची राहिलेली फेरी

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या मावसभावाच्या मित्राची नाही, माझीच. खोटी वाटली तर वाटू दे.

मी मेघाली. वस्तू का मोडतात ते शोधणं हे माझं काम. फुटलेला पाइप, फाटलेली टाकी, कोसळलेली शेड... लोक मोडकं सामान दाखवतात आणि विचारतात, चूक कुणाची? भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. तड्यांवर होता.

गेल्या वर्षी कोजागरी होऊन गेल्यावर बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने मला बोलावलं. नाव सांगणार नाही. दसऱ्याच्या सकाळी तिथल्या एका टाकीचं झाकण आतल्या दाबाने उडालं होतं आणि बळवंत नावाचा फिटर जागीच गेला होता. जवळच्याच पाम गावचा माणूस.

मी खुर्चीत टेकायच्या आधीच मॅनेजरने निकाल सांगून टाकला. "बोल्ट ढिले ठेवले त्याने. तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

मेलेला माणूस थोडाच भांडायला येणार?

शेजारी तशीच दुसरी टाकी होती. सोमवारी ती सुरू व्हायची होती. तिच्यापाशी आता बळवंतचा धाकटा भाऊ धीरज उभा राहणार होता.

गेटवर बळवंतची बायको भागी थांबली होती. तिने माझा हात घट्ट धरला.

"बाय, माजा नवरा ढिलं काम करनारा नव्हता. तो तर गेला. आता दीराला पन त्याच जागेवर उबा करतात. तुमी नीट बगा."

मी "बघते" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

धीरजने मला आत नेलं.

"टाकी चालू करायच्या आदी दादा प्रत्येक बोल्टवर हातोडी मारत फेरी करायचा, मॅडम. चांगला बोल्ट ठण् वाजतो. तडकलेला मुका वाजतो. दादाचा कान लई तिखट."

"मग त्या दिवशी?"

त्याने कोपऱ्यातल्या पूजेच्या पाटाकडे बोट दाखवलं.

खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊन त्यांना चंदेरी रंग दिला होता. रंग धीरजनेच मारला होता. हत्यारं पूजेत मांडली होती. तिथली रीत अशी, की हळदकुंकू लावलेलं हत्यार दसरा सरेपर्यंत उचलायचं नाही. मॅनेजरला मात्र दसऱ्याचाच मुहूर्त हवा होता.

टाकी सुरू झाली. फेरी राहिली.

ती हातोडी अजून कोपऱ्यात तशीच होती. पाटावर, वाळलेल्या झेंडूखाली. तिला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती.

जेवणाची सुट्टी झाली. यंत्रं थांबली. माणसं डबे घेऊन बाहेर झाडाखाली गेली. मी एकटीच तुटलेले बोल्ट गोळा करत बसले होते. भर दुपार, डोक्यावर तापलेले पत्रे.

आणि मग...

ठण्.

मी वर पाहिलं. कुणी नव्हतं.

ठण्... ठण्...

आवाज दुसऱ्या टाकीवरून येत होता. पत्रा तापला की वाजतो, मी स्वतःला समजावलं. पण पत्रा असा रांगेने वाजत नाही. हा आवाज झाकणाच्या कडेने फिरत होता. एक बोल्ट, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. अजिबात घाई नाही. माणूस वाकून, कान देऊन ऐकतो ना, तेवढा वेळ घेत.

मी हातातला बोल्ट खाली ठेवला.

ठण्... ठण्...

थप्प.

आवाज थांबला. बाहेरचे कावळेसुद्धा गप्प झाले.

मग पुन्हा तिथेच... थप्प. थप्प.

कुणीतरी मला दाखवत होतं.

मी खडू घेऊन शिडी चढले. त्या बोल्टवर खूण करायला हात पुढे केला आणि...

चंदेरी रंगावर कुंकवाचा ठिपका होता.

मी धावत कोपऱ्यात गेले. हातोडी पाटावरच होती. झेंडूचं फूलही हललेलं नव्हतं.

फक्त हातोडीच्या तोंडावरचं कुंकू पुसलेलं होतं.

मॅनेजर भडकला. "दुसरी टाकी तुमच्या कामात येत नाही." मी म्हटलं, हा बोल्ट काढल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही.

प्रयोगशाळेत तो कापला. बारीक तडा, पण अर्ध्याहून खोल गेलेला. चिंचणीच्या किनाऱ्याकडून येणाऱ्या खाऱ्या हवेने आतून पोखरलेला. उडालेल्या झाकणाच्या बोल्टांतही तसेच तडे होते आणि त्यांच्या आत चंदेरी रंग झिरपला होता. म्हणजे रंग दिला तेव्हाच ते तडकलेले होते. बळवंतने काहीही ढिलं सोडलं नव्हतं.

धीरजला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, "रंग मीच मारला, मॅडम. मला तडा दिसला कसा नाय?" मी म्हटलं, इतका बारीक तडा मलाही दिसला नसता.

अहवालात मी सगळं लिहिलं. बळवंतवरचा ठपका पुसला गेला. दुसऱ्या टाकीला सगळे नवे बोल्ट बसले. भागीने चिकूंची पिशवी पाठवली आणि मला रडू कोसळलं.

मला वाटलं, संपलं.

काल दुपारी धीरजला फोन केला. यंदाची खंडेनवमी तोंडावर आली आहे. साफसफाईसाठी ती दुसरी टाकी बंद आहे.

"काहीही पूजेत ठेव, पण दादाची हातोडी ठेवू नकोस. आधी फेरी."

"ताई, हातोडी सकाळधरनं सापडत नाय."

आणि त्याच्या आवाजामागे...

ठण्... ठण्...

"कोण ठोकतंय, धीरज?"

"कोन नाय. मी एकटाच हाय. बाकी सगळे फुलं आनायला गेलेत."

ठण्... ठण्...

थप्प.

"धीरज, बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!"

तो आला. संध्याकाळी मी स्वतः तिथे गेले. एका बोल्टवर कुंकवाचा ठिपका होता. तो बोल्ट काढून घेऊन आले.

आता तो माझ्यासमोर टेबलावर आहे. भिंगाखाली पाहिला, तडे शोधणाऱ्या यंत्रात तपासला. तडा नाही. कुठेच नाही. माझ्या हातोडीने ठोकून पाहिला. ठण् वाजतो.

मघाशी मॅनेजरचा फोन येऊन गेला. "मॅडम, बोल्ट चांगला आहे ना? दसऱ्याचा मुहूर्त आहे. धीरज उभा राहील."

यंत्र म्हणतं, चांगला आहे. माझा कानही तेच म्हणतो.

पण ठोकलं मी होतं... बळवंतदादाने नाही.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.